व्हॉक्सेलकर

त्यांचं खरं आडनाव वेगळं आहे आणि ते मी सांगणार नाही. आमच्या स्कॅन सेंटरमध्ये ते कुणाला आठवतही नाही. रिसेप्शनवरच्या मुलीने एकदा वहीत ‘रविवार, सकाळी ८ ते १२, व्हॉक्सेलकर’ असं लिहून ठेवलं आणि ती वही नेमकी त्यांच्याच हातात पडली. आम्ही सगळे श्वास धरून उभे. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, वही नाकापाशी नेली आणि म्हणाले, “व्हॉवर अर्धचंद्र दिलाय. छान. हल्ली कोण देतं?” त्या दिवसापासून नाव पक्कं झालं.

माणूस गावावरून आडनाव लावतो, त्या हिशेबाने काही चुकलेलं नाही. त्यांचं गाव व्हॉक्सेल. एमआरआयचं चित्र ज्या बारक्या ठोकळ्यांचं बनतं, त्यातला एक ठोकळा म्हणजे व्हॉक्सेल. मोबाइलच्या फोटोतला पिक्सेल कागदासारखा सपाट असतो. याला लांबी, रुंदी आणि वर जाडीही. बर्फीची वडी म्हणा. व्हॉक्सेलकरांचं सगळं आयुष्य ही वडी अजून लहान कशी कापता येईल या विवंचनेत चाललंय.

मी एमआरआय टेक्निशियन. पुण्यात याच कामावर वीस वर्षं झाली. सोमवार ते शनिवार आमच्याकडे येतात ते पेशंट: डोकं दुखतं, चक्कर येते, हाताला मुंग्या येतात. मंगळसूत्र, जोडवी, ब्लाउजची सेफ्टी पिन असं सगळं काढून ठेवायला लावायचं, कानात बोळे घालायचे आणि मेंदूचे ५-५ मिलिमीटर जाडीचे काप काढायचे. वीस-बावीस कापांत मेंदू संपतो. गाठ आहे का, रक्तस्राव आहे का, हे बघायला तेवढं पुरतं. त्यातल्या व्हॉक्सेलला मात्र वडी म्हणता येत नाही. तोंडाकडून बारीक आणि मागे ५ मिलिमीटर लांब, म्हणजे चक्क वीट. पहिल्या रविवारी आले तेव्हा व्हॉक्सेलकरांनी माझ्या स्क्रीनवर शनिवारचा शेवटचा स्कॅन पाहिला आणि हळहळून म्हणाले, “ताई, हा मेंदू आहे की स्लाइस ब्रेड?”

रविवार त्यांचा. ते एका संस्थेत शिकवतात, संस्थेकडे मशीन नाही, म्हणून आमच्या मालकांशी ठरवून सकाळचे चार तास घेतलेले. निरोगी माणसांच्या मेंदूची साल मोजायची, असा प्रकल्प. साल हा त्यांचाच शब्द. कॉर्टेक्स या लॅटिन शब्दाचा अर्थ झाडाची साल असाच आहे, हे ते येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात. साल कशी असते ते दाखवायला त्यांच्या खिशात एक हातरुमाल असतो.

हा रुमाल मी तीन वर्षं बघतेय. धुतात की नाही माहीत नाही, पण बदललेला नाही. आलेल्या मुलापुढे ते तो टेबलावर पसरतात आणि सुरू करतात. “मेंदूचा सगळा वरचा थर उलगडून पसरला तर साधारण पाव चौरस मीटर भरतो. म्हणजे अर्धा मीटर लांब, अर्धा मीटर रुंद. याच्यापेक्षा मोठा रुमाल समजा. जाडी किती? सरासरी अडीच मिलिमीटर. कुठे जेमतेम दीड, कुठे चार. आता हा कवटीत बसवायचा.” मग रुमाल मुठीत कोंबतात. मुठीच्या फटींतून थोडं कापड दिसतं, बाकीचं आत. “जे दिसतंय ते एक-तृतीयांश. उरलेलं घड्यांमध्ये दडलंय. आणि आपल्याला मोजायचंय ते तिथलं.” शेवटी मूठ उघडून चहाचा एक जुना डाग दाखवतात. “हा व्हिज्युअल कॉर्टेक्स.” एकदा त्यावर वरणाचा नवा डाग पडला होता. त्याला त्यांनी विनातक्रार टेम्पोरल लोब म्हटलं.

अडचण घड्यांची आहे, हे मलाही आता पाठ झालंय. घडीच्या दोन भिंती एकमेकींना जवळपास टेकलेल्या असतात, मधे पाण्याची पुसटशी फट. व्हॉक्सेल त्या फटीपेक्षा मोठा असला की त्यात थोडी ही भिंत, थोडं पाणी, थोडी ती भिंत असं सगळं येतं आणि सगळ्याचा मिळून एकच करडा रंग उमटतो. जाड रव्याचा उपमा असतो तसं. शिजल्यावर कुठला दाणा कुठे संपला ते कळत नाही. नंतर कॉम्प्युटर या चित्रावर दोन रेघा ओढतो. पिवळी रेघ पांढऱ्या आणि करड्या भागाच्या सीमेवर, लाल रेघ सालीच्या बाहेरच्या कडेवर. दोन रेघांमधलं अंतर म्हणजे सालीची जाडी. कॉम्प्युटर हुशार असतो, व्हॉक्सेलच्या मधूनही रेघ नेतो, रंग किती करडा आहे त्यावरून अंदाज बांधतो. म्हणून तर १ मिलिमीटरच्या चित्रातून मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाची भाषा करता येते, आणि जगभर बहुतेक लोक १ मिलिमीटरवर समाधानाने संसार करतात.

व्हॉक्सेलकरांना त्या समाधानाचीच चीड. “अंदाज हा शब्द मला ऐकवू नका,” असं ते म्हणतात. त्यांना ०.८ हवं होतं. ते मिळालं तेव्हा ०.७ हवं झालं, कारण अमेरिकेतल्या ह्यूमन कनेक्टोम प्रोजेक्टने ०.७ वापरलंय. त्या लोकांनी २०१६ मध्ये मेंदूच्या प्रत्येक अर्ध्या भागात १८० प्रदेश आखून दाखवले. १९०९ साली ब्रॉडमनने सूक्ष्मदर्शकाखाली काप बघत बघत जो नकाशा काढला, त्याचा हा नातू. व्हॉक्सेलकर हे सांगताना आवाज असा खाली आणतात, जणू १८१ वा प्रदेश त्यांच्या नावावर व्हायचा बाकी आहे.

मी पडले टेक्निशियन. मला सिग्नल दिसतो. वडीची बाजू निम्मी केली की वडी निम्मी होत नाही, आठवा हिस्सा उरते. सिग्नलही तेवढाच उरतो. बाकी सगळा खरखराट, पूर्वी रात्री दूरदर्शन बंद झाल्यावर दिसायचा तसा. खरखराट पुन्हा पहिल्याइतका खाली आणायचा तर वेळ आठ पट देऊन भागत नाही, चौसष्ट पट द्यावा लागतो. ५ मिनिटांचा स्कॅन, गुणिले ६४. मी एकदा कागदावर मांडून दिलं: ५ तास २० मिनिटं.

“एवढ्या वेळात माणूस स्वारगेटहून कोल्हापूरला पोचतो, सर.”

“पोचेल. पण जाताना बसमध्ये हलेल,” ते म्हणाले.

त्यांच्या लेखी खरा शत्रू सिग्नल नाही. खरा शत्रू म्हणजे जिवंत माणूस. श्वास घेतो, आवंढा गिळतो, दर ठोक्याला त्याचा मेंदू कवटीतल्या कवटीत जरासा उसळतो. २०१९ मध्ये बॉस्टनच्या संशोधकांनी एका अठ्ठावन्न वर्षांच्या बाईचा मेंदू ७ टेस्लाच्या मशीनमध्ये १०० मायक्रॉनला, म्हणजे ०.१ मिलिमीटरला स्कॅन केला. स्कॅन चालला सुमारे १०० तास. बाई अर्थातच आधी वारलेल्या होत्या. ते चित्र व्हॉक्सेलकरांच्या मोबाइलच्या वॉलपेपरवर आहे. पूर्वी तिथे मुलीचा फोटो होता, तो आता आयकॉनच्या मागे कुठेतरी असावा. “शंभर तास, ताई. एक आवंढा नाही,” असं म्हणून ते गप्प होतात. ही हळहळ नेमकी कशाबद्दल, ते मी विचारत नाही.

मृतांचा हेवा करणारी माणसं मी फार पाहिलेली नाहीत. पण व्हॉक्सेलकरांच्या जातीची पुष्कळ पाहिली. आमचे एक शेजारी तबला लावायला बसले की मैफल संपायची वेळ येते. चष्म्याच्या दुकानात ‘पहिली काच बरी की दुसरी’ या प्रश्नावर तासभर बसणारे असतात. व्हॉक्सेलकर त्यांच्याच भावकीतले. फरक एवढाच की तबलजी स्वतःच्या कानाने ऐकतो, आणि यांना लागतं दुसऱ्याचं डोकं.

ती डोकी जमवणं हे वेगळंच काम. वर्गातली मुलं वडापावच्या आमिषाने येतात, संमतीपत्रावर सही करतात आणि बोगद्यात शिरल्यावर तिसऱ्या मिनिटाला त्यांच्या नाकाला खाज सुटते. हा निसर्गनियम आहे. चौथ्या मिनिटाला मुलगा ती खाज नाकपुडी हलवून भागवायला बघतो आणि माझ्या स्क्रीनवर मेंदूभोवती लाटा उठतात, तळ्यात खडा टाकल्यासारख्या. काही मुलं झोपतात. झोपली तर उत्तम असं वाटेल, पण झोपलेला माणूस घोरतो आणि मधेच झटका देतो. एक मुलगा ढोल-ताशा पथकातला होता. मशीनचा आवाज म्हणजे तालात चाललेली धडधड. याची मान तिसऱ्या ठोक्यापासून डोलायला लागली. व्हॉक्सेलकर माइकवर ओरडले, “अरे, गणपतीला अजून चार महिने आहेत!” मुलगा दचकला आणि उरलंसुरलं चित्रही गेलं.

मग त्यांनी कन्सोलरूमच्या दारावर स्वतःच्या हाताने पाटी लावली: ‘स्कॅन चालू असताना हलू नये. हलल्यास बाहेर आल्यावर कबूल करावे.’ एकाही मुलाने कधी कबूल केलं नाही.

जर्मनीत माग्देबुर्गला काही संशोधकांनी २०१७ मध्ये जिवंत माणसाचा मेंदू पाव मिलिमीटरला टिपला, हे कळल्यावर तर दोन रविवार काही सुचू दिलं नाही. त्या लोकांनी माणसाच्या वरच्या दातांना मापाची पट्टी बसवून तिच्यावर एक खूण लावली होती. कॅमेरा खुणेकडे बघणार आणि डोकं जिकडे सरकेल तिकडे मशीन आपलं मोजमाप सरकवणार. व्हॉक्सेलकर सोमवारी दंतवैद्याकडे जाऊन स्वतःच्या जबड्याचं माप देऊन आले. मंगळवारी आमच्या मालकांनी असला कॅमेरा बसवायचा खर्च ऐकला. बुधवारी तो विषय संपला. माप अजून त्यांच्या ड्रॉवरमध्ये आहे, प्लास्टरचं, हसरं.

एकदा मशीनच्या कंपनीचा तरुण इंजिनिअर आला होता. कोणती कंपनी ते जाऊ द्या, सगळे सारखेच. त्याने लॅपटॉपवर एक देखणं चित्र उघडलं. अर्धा मिलिमीटर, म्हणाला, आणि वेळ फक्त ४ मिनिटं. मालक पुढे वाकले. व्हॉक्सेलकर मागे खुर्चीत होते, तिथूनच म्हणाले, “मूळ किती?” इंजिनिअर हसला. “मूळ किती घेतलं आणि फुगवून किती केलं?” मूळ निघालं १ मिलिमीटर. मशीन मधल्या जागा गणिताने भरून वड्यांची संख्या वाढवतं; चित्र गुळगुळीत दिसतं, पण त्यात नवीन काही येत नाही. व्हॉक्सेलकर उठले आणि इंजिनिअरच्या पाठीवर हात ठेवून अगदी मायेने म्हणाले, “बाळा, दुधात पाणी घातलं की माप वाढतं. साय वाढत नाही.” त्यानंतर दोघांनी मिळून चहा घेतला, तोही बिनदुधाचा.

एवढ्या माणसाला फसवणं कठीण, असं मला वाटत होतं. पण झालं असं.

त्यांच्याकडे पीएचडी करणारी एक मुलगी होती. शांत, कामसू, नगर जिल्ह्यातली. वर्षभरात जमलेले सगळे ०.७ चे स्कॅन तिच्या ताब्यात. ते ती ‘फ्रीसर्फर’मध्ये टाकायची. रेघा ओढणारा कॉम्प्युटर म्हणतात तो हाच. बॉस्टनमध्ये तयार झालेली ही प्रणाली जगभर वापरतात. डेल, फिशल आणि सेरेनो यांनी १९९९ मध्ये सालीचा पृष्ठभाग उलगडायची पद्धत मांडली, तिच्यावर ती उभी आहे. एकेका मेंदूला कित्येक तास लागतात. रात्री विरजण लावावं तसं लावून झोपायचं आणि सकाळी उठून दही लागलंय का बघायचं. मुलगी सकाळी चित्रं घेऊन यायची आणि रविवारच्या चार तासांतला पहिला अर्धा तास त्या चित्रांच्या कौतुकात जायचा.

“बघा, बघा ताई,” व्हॉक्सेलकर बोट जवळजवळ काचेत घालून म्हणायचे, “लाल रेघ कशी अलगद घडीत उतरलीय. १ मिलिमीटरवर ही इथेच अडखळली असती. हे ०.७ चं सौंदर्य.” मी हो म्हणायचे. मला सौंदर्य दिसत होतं, कितीचं ते कळत नव्हतं. त्यांनी ती चित्रं दोन परिषदांत दाखवली. एका ठिकाणी म्हणे टाळ्याही पडल्या.

मार्चमधल्या एका रविवारी मुलगी आली ती दारातच उभी राहिली. चेहरा उतरलेला. “सर, एक सांगायचंय.” सांगायचं होतं ते असं: फ्रीसर्फरला वेगळं काही सांगितलं नाही तर तो आत घेतलेलं प्रत्येक चित्र आधी स्वतःच्या साच्यात ओततो. साचा ठरलेला: २५६ गुणिले २५६ गुणिले २५६ वड्या, प्रत्येक वडी १ मिलिमीटरची. हे माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, लपवलेलं नाही. मूळ बारीक वडी राखायची तर हुकूम देताना एक शब्द जादा लिहावा लागतो. तो शब्द तिने लिहिला नव्हता. वर्षभर.

कन्सोलरूममध्ये चिलरचा आवाज तेवढा येत होता. बोगद्यात एक मुलगा निजलेला, त्याला काहीच कल्पना नाही.

“म्हणजे आपण इतके दिवस कौतुक कशाचं करत होतो?” व्हॉक्सेलकरांनी विचारलं.

“१ मिलिमीटरचं, सर.”

ते खुर्चीत बसले. खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला आणि पुन्हा स्क्रीनकडे बघितलं. मला वाटलं आता पोरीचं काही खरं नाही. मी मधे पडायच्या तयारीत होते. पण ते म्हणाले, “तू विसरलीस एक शब्द. तो कधी ना कधी विसरायचाच. मी वर्षभर समोर बसून बघतोय आणि मला कळलं नाही, त्याचं काय करायचं?” पुढच्या रविवारी त्यांनी तिच्यासाठी क्रीमरोल आणले. ते तिने घेतले, पण त्यांच्यासमोर खाल्ले नाहीत.

तो शब्द घालून सगळं पुन्हा चालवलं. फरक पडला का? पडला, आणि हे मी प्रामाणिकपणे सांगते, कारण मधल्या काळात मी मनातल्या मनात पुष्कळ हसून घेतलं होतं. डोक्याच्या मागच्या भागात, जिथे साल पातळ आहे आणि आतल्या बाजूला मायलिन जास्त असल्याने करड्याचा पांढरा कधी झाला ते नीट उमगत नाही, तिथे पिवळी रेघ खरोखर सरकली होती. किती? नखाने खरवडावं एवढी. व्हॉक्सेलकरांनी तेवढ्या जागेचा प्रिंट काढला आणि घरी नेला.

त्या मागच्या भागावर त्यांचा जीव आहे. त्याचं कारण जेन्नारी. फ्रांचेस्को जेन्नारी हा इटलीत पार्म्याला डॉक्टरी शिकणारा मुलगा. त्याने १७७६ मध्ये गोठवलेल्या मेंदूचे काप करताना सालीच्या जाडीतून जाणारी एक पांढरी रेघ पाहिली. नुसत्या डोळ्यांनी. पुढे कळलं की ही रेघ जिथवर जाते, तिथवर डोळ्यांकडून येणारी खबर उतरवून घेणारा प्रदेश आहे. मेंदूने आपल्या नकाशावरची एक सीमा स्वतःच आखून ठेवलीय. रेघेची जाडी मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढी. काही पराक्रमी लोकांनी जिवंत माणसात ३ टेस्लावरही ती पकडलेली आहे. “विद्यार्थी होता, ताई. बर्फ आणि सुरी, एवढंच हत्यार,” व्हॉक्सेलकर सांगतात. वारकऱ्याला कळसाची असते तशी त्यांना त्या रेघेची ओढ.

एका रात्री साडेअकराला फोन. मी घाबरून उचलला. अशा वेळी फोन येतो तो मशीनमधल्या हेलियमची पातळी घसरल्याचा. “ताई, दिसली!” “कोण?” “रेघ!” सकाळी ड्युटीच्या आधी मला चित्र दाखवायला आले. खरंच, सालीच्या मधोमध सालीला समांतर अशी बारीक उजळ रेघ. मी बघितलं. जरा वर सरकवून बघितलं. मग चित्र कपाळाकडे नेलं. तिथेही एक रेघ. कवटीच्या कडेला दोन. एक तर डोक्याच्या बाहेर, हवेत. जिथे उजेड एकदम संपून अंधार सुरू होतो त्या कडेजवळ आमच्या मशीनच्या गणिताला असे पदर सुटतात. ते आम्ही रोज बघतो. मी काही बोलले नाही. चित्र तसंच, हवेतल्या रेघेवर ठेवलं.

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. “हवेला व्हिज्युअल कॉर्टेक्स नसतो,” एवढं म्हणून ते कॉलेजात गेले.

यानंतर आले अण्णा.

अण्णा म्हणजे व्हॉक्सेलकरांचे सासरे. वय ७४, लेखापरीक्षणातून निवृत्त. ज्येष्ठांचे स्कॅन हवे होते, कुणी तयार होत नव्हतं, म्हणून वहिनींनीच वडिलांचं नाव सुचवलं. व्हॉक्सेलकरांच्या कपाळावर आठी होती. एकूण या दोघांचं बोलणं ‘पाऊस आहे’, ‘आहे खरा’ याच्यापुढे कधी गेलेलं नसावं. अण्णांनी संमतीपत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, त्यातल्या दोन शुद्धलेखनाच्या चुका पेनने सुधारल्या आणि मग सही केली. मी त्यांना टेबलावर निजवलं, डोक्याला कॉइलचा पिंजरा लावला, दोन्ही कानांशी फोम बसवला, हातात रबरी बल्ब दिला. काही वाटलं तर दाबा म्हटलं.

“काय वाटायचंय?” अण्णा म्हणाले.

पुढची ४० मिनिटं अण्णा हलले नाहीत. श्वास चालू आहे ना, हे बघायला मी दोनदा काचेतून वाकले. ७ मिनिटं, मग ८ मिनिटं, मग व्हॉक्सेलकरांचा धीर वाढला आणि त्यांनी ०.७ आणखी दोनदा घ्यायला लावलं. चित्र उमटलं ते असं, की मी वीस वर्षांत पाहिलं नाही. एकही लाट नाही. कडा सुरीने कापल्यासारख्या. व्हॉक्सेलकर उभे राहिले, बसले, पुन्हा उभे राहिले.

बाहेर आल्यावर त्यांनी सासऱ्यांचे हात हातात घेतले. लग्नातही घेतले नसतील. “अण्णा, तुम्ही जराही हलला नाहीत!”

“न हलण्यात अवघड काय?” अण्णा म्हणाले. “ऑफिसात छत्तीस वर्षं कुणाच्या सांगण्यावरून हललो नाही.” जाताना मला बाजूला घेऊन विचारलं, “ते मशीन ठणठण वाजतं ते बिघडलेलं आहे का?” नाही म्हटल्यावर त्यांना जरा निराशा झाली.

अण्णांच्या सालीचे आकडे आले आणि खरी पंचाईत झाली. वय वाढतं तशी साल थोडी थोडी पातळ होत जाते. तेव्हा पन्नाशीच्या जावयाची साल जाड आणि सासऱ्यांची पातळ, अशी रीत. आकडे उलटे निघाले. जागोजाग जावयाची साल सासऱ्यांपेक्षा पातळ.

जावयाचा स्कॅन मीच काढला होता, प्रकल्पाच्या अगदी सुरुवातीला, मशीनची चाचणी म्हणून. मला तो चांगला आठवतोय. सगळ्या संमतीपत्रांचे लेखक, दारावरच्या पाटीचे कर्ते स्वतः बोगद्यात गेले आणि आतून सूचना द्यायला लागले. “ताई, टीआय हजारच आहे ना?” “ताई, हा आवाज जरा वेगळा वाटतोय.” एकदा तर हात वर करून काहीतरी दाखवायचा प्रयत्न केला आणि कॉइलवर बोटं आपटून घेतली. चित्रात नुसत्या लाटा. ते चित्र टाकून द्यायला हवं होतं. पण ०.७ चं होतं, त्यांना टाकवलं नाही.

हललेल्या डोक्याच्या चित्रात साल खोटीच पातळ मोजली जाते, हे बॉस्टनच्याच लोकांनी २०१५ मध्ये दाखवून दिलंय. तो निबंध व्हॉक्सेलकर दरवर्षी वर्गात शिकवतात. पेन्सिलीच्या खुणांनी भरलेली त्याची प्रत आमच्या कन्सोलरूममध्येही पडलेली आहे. म्हणजे उत्तर त्यांना ठाऊक होतं. मुलीलाही ठाऊक होतं, मलाही. तरी त्या रविवारी आकड्यांच्या तक्त्यासमोर ते फार वेळ बसले. घरी वहिनींनी जेवताना, “अण्णांचा मेंदू चांगला निघाला म्हणे,” असं सहज म्हटलं, असं मला नंतर कळलं.

गुरुवारी रात्री पावणेनऊला शेवटचा पेशंट गेला. मी मशीनची चादर बदलत होते. दारात व्हॉक्सेलकर. बेल्ट, पाकीट, किल्ल्या, सगळं काढून हातात धरलेलं, म्हणजे जिन्यातच तयारी करून आले होते.

“ताई, ५ मिनिटं आहेत का?”

“आहेत. पण ५ मिनिटांत ०.७ होणार नाही, सर.”

ते जमिनीकडे बघत म्हणाले, “१ मिलिमीटरनेच काढा.” आणि मग, “मुलीला सांगू नका.”

मी त्यांना निजवलं. नेहमीपेक्षा जास्त फोम कोंबला. कपाळावरून पट्टी घेतली. हातात बल्ब दिला आणि बजावलं की बोलायचं नाही, विचारायचं नाही, टीआय हजारच आहे. त्यांनी डोळे मिटून घेतले. मी बाहेर आले, जाडीच्या चौकटीत १.० लिहिलं, सुरू केलं. ठणठण सुरू झाली. पहिलं मिनिट गेलं. काचेतून त्यांचे मोजे दिसत होते, अगदी स्थिर, अंगठे वर. दुसरं मिनिट गेलं. मला वाटलं, जमलं.

तेवढ्यात बल्बचा अलार्म वाजला.

मी स्कॅन थांबवला, धावत माइकपाशी आले. “काय झालं सर? गुदमरतंय का? काढू बाहेर?”

आतून थोडा वेळ काही आवाज आला नाही. मग स्पीकरवर, अगदी हळू:

“ताई... ०.९ जमेल का?”